चेहरा किती मोठा करायचा

आबा,

काल एक मुलगी लॅपटॉप घेऊन आपल्या फोटोच्या दुकानात आली होती. आजोबांच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओ बनवत होती. मला म्हणाली, "ताई, जुने फोटो किती डीपीआयला स्कॅन करू? कोणी बहात्तर सांगतं, कोणी तीनशे, कोणी बाराशे." मी म्हटलं, "डीपीआय राहू दे बाजूला. आधी सांग, त्या फोटोतला किती भाग पडद्यावर दाखवणार आहेस?" ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. वाक्य तुमचं होतं. ज्या आठवड्यात तुम्ही ते मला सुनावलंत, त्याच आठवड्यात मी तुमच्याशी एक खोटं बोलले आणि ते शेवटपर्यंत निभावलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी ते माझ्या मानेवरून उतरत नाही. तुम्हाला मध्येच बोलायची भारी सवय होती. आज तेवढं ऐकून घ्या.

मोखाड्याच्या त्या संस्थेचं काम तुम्हाला आठवतच असेल. पाड्यापाड्यांवर औषधाची पेटी घेऊन फिरणाऱ्या बायांवरची वीस मिनिटांची फिल्म. शूटिंगला मुंबईहून माणूस आला होता, नवाकोरा एचडी कॅमेरा घेऊन, आणि एडिटिंग जव्हारमध्येच व्हावं म्हणून त्यांनी मला गाठलं. तोवर मी फक्त लग्नांचं मिक्सिंग केलेलं. नाशिकला सहा महिने क्लास करून आले होते आणि अंगात भलताच माज होता. हे तुम्ही स्वयंपाकघरात आईला सांगत होता, ते मी ओसरीवरून ऐकलं होतं. लग्नाच्या डीव्हीडीला चित्र लागायचं सातशे वीस ठिपके रुंद आणि पाचशे शहात्तर उंच. एचडीला एकोणीसशे वीस रुंद आणि एक हजार ऐंशी उंच. आकडे मला तोंडपाठ होते, अर्थ कळला नव्हता. पडद्यासाठी बहात्तर डीपीआय, म्हणजे इंचाला बहात्तर ठिपके पुरे, असं क्लासच्या सरांनी सांगितलेलं, ते मी देवाने सांगितल्यासारखं धरून बसले होते. संस्थेने दिलेले साठेक जुने फोटो मी एका सकाळी बहात्तरवर फटाफट स्कॅन केले आणि वर तुम्हाला म्हणाले, "बघा, तुम्हाला अंधाऱ्या खोलीत आठवडा लागला असता."

त्याच दिवसांत एक मावशी आली, नात्यातली नव्हे. पोशेऱ्याची, संस्थेच्या जीपमधून. तिची मुलगी त्या पेटीवाल्या बायांमधलीच एक. भाताच्या लावणीत तिला पान लागलं, साप कसला ते कुणी पाहिलं नाही, आणि झोळीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणेस्तोवर सगळं संपलं. या गोष्टीला तेव्हा दहा-अकरा वर्षं झाली होती. मावशीच्या घरात मुलीचा एकही फोटो नव्हता. होता तो एकच, संस्थेकडे, तुम्ही काढलेला. सात बाया ओळीने उभ्या, मागे शाळेची भिंत आणि भिंतीवर साखर-मिठाच्या पाण्याची कृती रंगवलेली. काळा-पांढरा, पोस्टकार्डाएवढा. मावशीने तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग टेबलावर ठेवला. म्हणाली, "बाय, हिचा चेहरा मोठा करशील पडद्यावर? नुसता हिचाच. मला आता नीट आठवत नाय. आवाज आठवतो, चालणं आठवतं. तोंड काय ध्यानात येत नाय." मी काही बोलणार एवढ्यात तुम्ही बाकड्यावरून म्हणालात, "होईल बाई. फोटो माझा आहे. निगेटिव्ह अजून आहे घरात." मावशी तुमच्याकडे वळली आणि हात जोडले. मला आठवतं, तुम्ही लगेच नजर खाली घातलीत.

शनिवारी मोखाड्याला कार्यक्रम होता, मोठा पडदा लावून. सोमवारी सकाळी मी फोटो एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाकले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. सहा इंचांचा फोटो बहात्तरवर स्कॅन केला की चारशे बत्तीस ठिपके मिळतात. पडद्याला हवेत एकोणीसशे वीस. फोटो मधोमध तिकिटाएवढा बसला आणि चारी बाजूंनी काळोख. ताणून भरला तर बायांच्या जागी नुसत्या करड्या चौकटी. मी कुणाला काही सांगितलं नाही, तुम्हाला तर नाहीच. मंगळवारी उठून मी दुसऱ्या टोकाला गेले. साठच्या साठ फोटो बाराशेवर स्कॅन केले. म्हटलं, आता कमी पडायचा प्रश्नच नको. एकेक फोटो सात हजार ठिपके रुंद झाला आणि कॉम्प्युटरने मान टाकली. एक फोटो जरा सरकवला की चाक फिरत राहायचं. तयार फिल्म काढायला रेंडर लावला की अर्ध्यात बंद. त्यात अकरा वाजता लाइट जायची ती चारला यायची. यूपीएस पाच मिनिटं टिंव टिंव करून गप्प व्हायचा आणि केलेलं सगळं पाण्यात. बुधवारी दुपारी मी बंद पडद्यासमोर बसून रडले. तुम्ही बाहेर बाकड्यावर होता. तुम्हाला ऐकू गेलं असणार, कारण बराच वेळ तुमच्या तपकिरीच्या डबीचा आवाज आला नाही.

गुरुवारी सकाळी चहा घेताना तुम्ही विचारलंत, "अडलंय काय ते तरी सांग." मी तुटकपणे सांगितलं, तुम्हाला कळणार नाही अशा थाटात. तुम्ही कप खाली ठेवलात. "साठ फोटोंना एकच माप लावतेस तू? प्रिंट मोठा करायला एन्लार्जर लावताना आपण आधी काय ठरवतो? किती भाग घ्यायचा ते. पूर्ण फोटो घ्यायचा तर एक उंची. अर्धाच घ्यायचा तर दुप्पट. एकट्याचा चेहरा काढायचा तर मशीन पार वर. तुझ्या पडद्याला किती ठिपके लागतात?" मी म्हटलं, "एकोणीसशे वीस." "मग जेवढा भाग दाखवशील, तेवढ्या भागात एकोणीसशे वीस हवेत. उरलेल्या फोटोत किती का असेनात. त्याहून जास्त घेऊन करायचंय काय? घोटभर तहानेला जत्रेत घागर घेऊन फिरायला?" आबा, त्या नाशिकच्या क्लासात सहा महिन्यांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. ज्या माणसाला माउस कसा धरायचा हे माहीत नव्हतं, त्याने चहाच्या कपासमोर बसून सांगितलं. मी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. उठले, वही काढली आणि फोटोगणिक लिहीत गेले. हा स्थिर आणि पूर्ण, याला सव्वातीनशे पुरे. ह्यात डावीकडच्या दोघींपर्यंत जायचंय, अर्धा भाग, याला साडेसहाशे. अकरा वाजायच्या आत चाळीस फोटो परत स्कॅन झाले, आणि चारला लाइट आल्यावर उरलेले झाले तशी टाइमलाइन पाण्यासारखी सरकायला लागली.

राहिला मावशीच्या मुलीचा फोटो. पोस्टकार्डात तिचा चेहरा हरभऱ्याएवढा. त्याला बाराशे लावा नाहीतर चोवीसशे, कागदावर जे नाही ते स्कॅनर कुठून आणणार? हेही तुम्हीच म्हणालात. "कागद सोड. निगेटिव्हवरून चेहऱ्याचाच मोठा प्रिंट काढू, आणि तो तुझ्या मशीनमध्ये घाल." शुक्रवारी सकाळी आठला आपण ती अंधारी खोली उघडली. आईने तिथे नागलीचे आणि तांदळाचे डबे रचले होते. ते बाहेर काढताना ती पुटपुटत होती, पण तिने स्वतः पुसून ट्रे मांडून दिले. अकरापर्यंतच वेळ होता. तुम्हाला साखरेच्या दुखण्याने तोवर नुसत्या आकृत्या दिसायच्या, पण त्या लाल दिव्यात तुमचे हात माझ्यापेक्षा चटकन चालत होते. निगेटिव्हची चकचकीत बाजू कुठली, खरखरीत कुठली, हे तुम्ही ओठाला लावून ओळखलंत. मशीन पार वर चढवलंत आणि बाजूला झालात. "मला आता हे जमायचं नाही. तू बघ. दाणा दिसतोय का?"

दाणा दिसत होता. निगेटिव्हचे बारीक कण मोहरीसारखे स्वच्छ, म्हणजे मशीनचा फोकस बरोबर होता. मागच्या भिंतीवरची अक्षरंही स्वच्छ होती. "चिमूटभर मीठ" हे तर मला सरळ वाचता आलं. चेहरा तेवढा वाचता येत नव्हता. डोळ्यांच्या जागी दोन डाग होते. मी चाक पुढे फिरवलं, मागे फिरवलं, परत पुढे. मग माझ्या लक्षात आलं. कॅमेऱ्याचा फोकसच भिंतीवर गेला होता. सातही बाया त्याच्या अलीकडे, धुरकट. हरभऱ्याएवढ्या चेहऱ्यात ते कुणाला कळलं नसतं आणि कळलंही नव्हतं. म्हणजे तुमचे डोळे तेव्हापासूनच जात होते, आबा. तुम्ही आम्हाला सांगितलंत त्याच्या कितीतरी आधीपासून.

"फोकस आला?" तुम्ही विचारलंत.

"आला."

"डोळे?"

"दिसतायत."

मला तेव्हा दाभोशाच्या शाळेची आठवण झाली नाही असं नाही. मी नववीत होते. तिथल्या वर्गाच्या ग्रुप फोटोचं बटण तुम्ही मला दाबायला दिलं होतं आणि माझा हात हलला. प्रिंट झाल्यावर तुम्ही मला जीपमध्ये घालून परत दाभोशाला नेलंत आणि सगळ्या वर्गासमोर उभं केलंत. "सांग त्यांना, फोटो माझ्यामुळे बिघडला. दुसऱ्या कुणी सांगायच्या आधी आपण सांगायचं असतं." पोरं फिदीफिदी हसली. मी आठवडाभर तुमच्याशी बोलले नाही. त्या लाल दिव्यात हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. मला तुमचा राग आला, हेही लपवत नाही. वाटलं, आता सांगा की त्या मावशीला, तुम्ही उभे राहा. आणि दुसऱ्याच क्षणी तुम्ही अंधारात हात पुसत म्हणालात, "त्या काळात माझा फोकस कधी चुकला नाही बघ. एवढं एक मी नीट केलं." मग माझी जीभ हललीच नाही. प्रिंट ट्रेमध्ये उमटत गेला, साडीचा काठ, गळ्यातली पोत, कानातलं, आणि मधे तो धुरकट चेहरा. तुम्ही विचारलंत, "कशी आहे?" मी म्हटलं, "छान आहे." अकराला लाइट गेली.

आता काय केलं ते सांगते. ज्यासाठी हे सगळं लिहितेय ते हेच. मावशी उद्या पडद्यासमोर बसणार होती आणि माझ्याकडे चेहरा नव्हता. दुसऱ्या बायांच्या फोटोंतून डोळे घेऊन लावता येतील का पाहावं असं मनात आलं, पण कुणावर ऊन समोरून, कुणावर डोक्यावरून. या मुलीवर उजेड डाव्या बाजूने होता. दुपारी एकच्या सुमाराला मी दुकानाच्या खिडकीशी बसले, उजेड डावीकडून येईल अशी, तिपाईवर कॅमेरा ठेवला आणि स्वतःचा फोटो काढला. तिच्यासारखी मान जराशी खाली घालून. सतरा काढले. चारला लाइट आली, आणि आठ वाजायच्या आत माझे डोळे तिच्या चेहऱ्यावर बसवून झाले. कडा मऊ केल्या, वरून तुमच्याच निगेटिव्हचा दाणा पसरला. झूम केलं, स्लो केलं, आठ सेकंद. काम इतकं बेमालूम झालं की मला स्वतःची लाज वाटण्याआधी कौतुक वाटलं. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात. पडद्यावरचा तो भला मोठा चेहरा तुम्हाला अंधुक दिसत असणार. म्हणालात, "बघ, निगेटिव्हमध्ये होतं सगळं."

शनिवारी मोखाड्याला तुम्ही मावशीच्या शेजारीच बसलात. मी मागे लॅपटॉपपाशी. तिचा चेहरा फिल्मच्या बाराव्या मिनिटाला होता, आणि ती बारा मिनिटं माझा जीव टांगणीला लागला होता. पडद्याकडे मी बघतच नव्हते. मावशीच्या मानेकडे बघत होते. ती ओरडून म्हणाली की ही माझी पोर नव्हे, तर तुमची काय अवस्था होईल, माझी काय होईल, तिची काय होईल. चेहरा आला. हॉलमध्ये कुणीतरी तिचं नाव घेतलं. मावशी हलली नाही. आठ सेकंद संपली आणि पुढचा शॉट लागला, तरी ती तशीच. तुम्ही वाकून विचारलंत, "दिसली का बाई?" मावशीने मान वळवून तुमच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "दिसली दादा." परतीच्या वाटेवर जीपच्या ड्रायव्हरला तुम्ही तो फोटो काढल्याची गोष्ट दोनदा सांगितलीत. कॅमेरा कुठला, बायांना कसं उभं केलं, ढग कसे आले. आई मला हळूच म्हणाली, "बऱ्याच दिवसांनी असे बोलतायत."

पुढच्या वर्षी थंडीत तुम्ही गेलात. तुमच्या दिवसांत मावशी आली, पोशेऱ्याहून, फडक्यात नागलीचं पीठ बांधून. आईपाशी बसली, रडली. मग दुकानाच्या दारात येऊन मला म्हणाली, "बाय, ते डोळे कुणाचे होते?" मला वाटलं जमीन दुभंगावी. मी म्हटलं, "माझे." ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. तू चहा देताना खाली बघतेस ना, तवा कळलं." मी माफी मागायला लागले तर तिने हात वर केला. "माझ्या पोरीचा डावा डोळा बारीक होता. लहानपणी आजारात झालेला. तू दोन्ही सारखे केलेस." मी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललात?" "तुझा बापूस शेजारी बसलेला. किती खुशीत होता. त्याला दिसत नव्हतं, मला कळत होतं. कसं सांगू?" मग म्हणाली, "आणि खरं सांगू? इतक्या वर्षांत मला तिचं तोंड आठवत नव्हतं. तुझे डोळे पाहिले, हे हिचे नव्हेत असं मनात आलं, आणि तवाच तिचे आठवले. चुकीचे पाहिले म्हणून खरे आठवले. आता तो गेला. आता नीट करून दे."

आबा, ती कॉम्प्युटरसमोर माझ्या शेजारी खुर्चीवर बसली, पाय वर घेऊन. मी डावा डोळा जरा बारीक केला. "अजून." अजून केला. "एवढा नाय. ही पापणी जरा खाली. हसायला लागली की अशी यायची." ती स्वतःच्या डोळ्याला बोट लावून दाखवायची आणि मी माउस सरकवायची. भुवई दोनदा पुसली, तिसऱ्यांदा बसली. उजवा डोळा तिने पार बदलायला लावला. असा किती वेळ गेला कुणास ठाऊक, लाइट जायची वेळ होत आली. आणि मग ती म्हणाली, "थांब." मी थांबले. ती पडद्याकडे बघत होती. म्हणाली, "हां. आता ही माझ्याकडं बघते." तो प्रिंट तिने पदराखाली धरून नेला आणि शेवटपर्यंत तिच्या घरात होता. आता मावशीही नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून तर इतकं लिहिता आलं. तुम्ही असताना बोलले असते तर तुम्ही मला घेऊन पोशेऱ्याला गेला असता, तिच्या दारात उभे राहून "फोटो माझ्यामुळे बिघडला" म्हणाला असता, आणि ती तुम्हाला बसायला पाट देती. तुम्हाला ते झेपलं असतं, हे आता कळतं. मलाच बघवलं नसतं. दुकानाच्या भिंतीवर मात्र मी पहिलाच फोटो लावलाय, माझ्या डोळ्यांचा, कारण तुम्ही पाहिलात तो तोच. गिऱ्हाईकं विचारतात, कुणी काढला? मी सांगते, आमच्या आबांनी. कुणी म्हणतं, काय फोकस आहे हो. मी म्हणते, त्यांचा फोकस कधी चुकला नाही.